हिरवी गाडी, पुढे सोंड

नव्या कोऱ्या गाडीच्या पत्र्याला कुणी आपणहून भोक पाडतं का? आमच्या ह्यांनी पाडलं. गाडी घरी येऊन पंधरवडाही झाला नव्हता. पुढच्या चाकावरच्या पत्र्याला ह्यांनी कागदाचा साचा चिकटवला, पेन्सिलीने गोल काढला, ड्रिलला गोल करवत लावली आणि मला म्हणाले, "अगं, साचा धरून ठेव. हलू देऊ नकोस." मी धरला. पत्रा असा किंचाळला की समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. भोक पडल्यावर ह्यांनी फुंकर मारून लोखंडाचा कीस उडवला आणि आत असं कौतुकाने पाहिलं, जणू पोराला पहिला दात आला होता.

त्या भोकात सोंड बसली. दुकानात तिला स्नॉर्केल म्हणतात. इंजिनाने हवा घ्यायची ती नळी, काचेच्या कडेने थेट टपापर्यंत वर जाते. गाडी पाण्यात शिरली तरी इंजिनाच्या नाकातोंडात पाणी जात नाही. आता पाणी म्हणजे कुठलं पाणी, तर माझ्या माहेरच्या वाटेवरचं. हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं, हे आधीच सांगून ठेवते. निदान नारळ तरी माझ्या नावाने फुटला होता.

माझं माहेर नदीपलीकडे, डोंगराच्या कुशीत. पूर्वी पूल होता आणि बस दारापर्यंत जायची. एका पुरात पूल गेला तो गेलाच. तेव्हापासून बस फाट्यावर थांबते आणि पुढे पात्रात उतरून दगडगोट्यांतून पलीकडे चढावं लागतं. माल नेणारा एक टेम्पो ये-जा करतो. गावची माणसं त्यात पोत्यांवर बसून जातात. मी म्हटलं होतं, मीही जाते. हे उसळले. "माझी बायको पिठाच्या पोत्यांवर बसून माहेरी जाणार? लोक काय म्हणतील मला? चारही चाकांना जोर असलेली गाडी घेऊ. तुला थेट दारात नेऊन उतरवतो." खोटं कशाला बोलू, ऐकून मला गुदगुल्या झाल्या. माहेरच्या दारात मोठ्या गाडीतून उतरायची हौस कुणाला नसते?

घाई होती ती आईमुळे. तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजारची माणसं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, अजून तुझं नाव घेते, आवाज ओळखते. पुढचं काही सांगता येत नाही. येऊन जा." मला फार काही नको होतं. तिने मला समोर पाहावं, ओळखावं, एकदा तोंडाने हाक मारावी. मग खुशाल सगळं जग विसरू दे, माझी तक्रार नव्हती.

सोंड बसली त्या संध्याकाळी मी विचारलं, "मग येत्या रविवारी निघायचं?"

"नुसत्या सोंडेवर?" ह्यांना धक्काच बसला. "आणि पात्रात रुतलो म्हणजे?"

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. तिथे केसभर चुकलं तर अख्खी काच फेकून द्यावी लागते. त्यामुळे अर्धवट काम ह्यांच्या डोळ्यांत सलतं, आणि जगातलं कुठलंही काम ह्यांना कधी पुरं झालेलं दिसत नाही. रुतण्याची भीती म्हणून विंच आली. विंच म्हणजे गाडीच्या नाकावर बसवलेला रहाट. समोरच्या झाडाला दोर बांधायचा आणि गाडीने स्वतःच स्वतःला ओढून काढायचं. तिचा भार मूळ बंपर घेईना, म्हणून जाड लोखंडी बंपर. बंपरने गाडीचं तोंड खाली गेलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा. पुढून गाडी उचलली, तर मागून ती बसकी दिसायला लागली, म्हणून मागचे स्प्रिंगांचे पाटे. गोसाव्याने लंगोटी उंदरापासून वाचवायला मांजर पाळलं आणि मांजराला दूध हवं म्हणून गाय घेतली, त्यातली गत.

आणि या सगळ्यात दुसरे दोन हात कुणाचे? माझे. माझा धंदा कॅनव्हास शिवण्याचा. गाड्यांची छतं, ताडपत्र्या, सीटची कव्हरं. पुढच्या खोलीत जाड सुईचं मशीन आहे, त्याच्यावर दिवसभर बसून बोटं अशी झालीत की टाचणीला भीत नाहीत. ह्यांच्या लक्षात आलं की जिथे ह्यांचा पंजा जात नाही तिथे माझी बोटं जातात. झालं. रविवार आला की मी ह्यांची जुनी पँट चढवायची, पुठ्ठा अंथरायचा आणि गाडीखाली सरपटायचं. "पाना धर." "घट्ट धर." "अगं, तिकडून नाही, इकडून." वरून ह्यांचं बोलणं आणि खालून माझ्या तोंडावर चिखल. जास्तीची बॅटरी बसली तेव्हा तिच्या सगळ्या वायरी मी ओवल्या, टोकं मी आवळली, वर कापडी पट्टी मी गुंडाळली. टपावर घडीचा तंबू चढला. बाजूला गुंडाळी सोडायचं छत लागलं, तेही माझ्याच मशीनवर शिवलेलं. मागच्या हौद्यात सरकते खण झाले. प्रत्येक वस्तू बसली की हे चार पावलं मागे जायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "आता फक्त एकच गोष्ट राहिली."

मलाही ते काम आवडायला लागलं होतं, हे खरं आहे. नट शेवटचा वेढा घेऊन थांबतो तेव्हा हाताला जे कळतं, ते कळायला मजा येते. शिवाय दर रविवारी आम्ही दोघं एकत्र असायचो. त्याआधी किती वर्षं आम्ही एका खोलीत बसून दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होतो. मला वाटलं, संसाराला उशिरा का होईना, बहर आला.

आईला मी फोनवर सगळं सांगायची. "आई, मी हिरव्या गाडीतून येणार आहे. पुढे सोंड आहे गाडीला."

"हत्ती आहे का गं?" आई खुदकन हसली.

तेव्हापासून आमचा तो खेळच झाला. मी विचारायचं, "कशातून येणार मी?" ती म्हणायची, "हिरवी गाडी." मी म्हणायचं, "पुढे?" ती म्हणायची, "पुढे सोंड!" मग दोघी हसायचो. तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत होती. एकदा तिने मला मावशी समजून मावशीच्या सासूच्या चौकश्या केल्या. पण गाडी मात्र घट्ट बसली होती. वहिनी सांगायची, "ताई, सकाळी उठल्या की ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. जेवायलाही आत येत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, माझी लेक यायचीय, हिरव्या गाडीतून." ऐकून माझा जीव सुपाएवढा व्हायचा. चेहरा विसरली तरी गाडी विसरणार नाही, असं मी मनाशी म्हणायची. मास्तरणीने पोराकडून पाढे घोकून घ्यावेत तशी मी तिच्याकडून गाडी घोकून घेत होते.

मागची सीट काढायची ठरली तेव्हा मात्र आमचं कडाक्याचं वाजलं. तिथे हे फ्रिज बसवणार होते. "आईला चार दिवस आपल्याकडे आणायचं ठरलंय ना? तिला काय फ्रिजमध्ये बसवणार?" मी म्हटलं.

"अगं, आणू तेव्हा परत लावू सीट. चारच तर बोल्ट."

चारच तर बोल्ट. मीच बसले पुन्हा आत घुसून. फ्रिज जागेवर आला, आणि ह्यांनी साधे नट काढले तेव्हा मीच शहाणपणा केला. "साधे लावू नका. रस्त्याच्या हादऱ्याने ढिले होतील. लॉकनट लावू." हे खूश झाले. "तुला कळायला लागलं हं आता!" त्या कौतुकावर मी फुशारले आणि ते लॉकनट असे आवळले की पान्याचा वळ तळहातावर राहिला. मग राग विसरून मी पुढची सीट शिवायला घेतली, ह्यांच्या शेजारची, माझी. छताचं उरलेलं हिरवं कॅनव्हास होतं. माझी कंबर दुखते म्हणून पाठीला मऊ उशी आतून शिवली, माझ्या मापाची. मशीनवर बसून सबंध आयुष्यात मी स्वतःसाठी केलेलं ते एकच शिवणकाम.

त्याच सुमारास ह्यांना मंडळी भेटली. ह्यांच्यासारखेच, रविवारी गाडीखाली झोपणारे. त्यांचा म्होरक्या कॅप्टन. एरवी तो फरशीचं दुकान चालवतो, पण गाड्यांच्या रांगेत पुढे असतो म्हणून कॅप्टन. त्याची बायको, ती कॅप्टनीणबाई. ही मंडळी आमच्या दारात यायची, बॉनेट उघडायची आणि आत डोकी घालून अशी बोलायची, जणू ऑपरेशन चाललंय. ह्यांना ती 'इंजिनियर' म्हणायला लागली. इंजिनियर साहेबांची छाती फुगली. वायरिंग कुणी केलं असं एकाने विचारलं तेव्हा हे म्हणाले, "घरीच." मी चहाचे कप घेऊन उभी होते. 'घरीच' म्हणजे मी.

पण एक चांगलं झालं. मंडळींची यंदाची सहल नदीपलीकडच्या पठारावर ठरली. वाट माझ्या माहेरावरूनच. पहिला मुक्काम गावाबाहेरच्या माळावर. ह्यांनी मला बातमी सांगितली तेव्हा ह्यांचा चेहराही उजळला होता. तेवढं श्रेय त्यांना देते. मी लगेच आईला फोन लावला. "आई, निघाले हं मी."

"हिरवी गाडी?"

"हिरवी गाडी."

"पुढे सोंड!" ती ओरडली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

निघायच्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या दगडाच्या खाणीपाशी जमल्या. तिथे ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा आहे. कॅप्टनचा नियम असा की प्रत्येक गाडी माणसांसकट काट्यावर चढवायची. गेल्या खेपेला कुणाच्या तरी गाडीचा आस ऐन पाण्यात मोडला होता, अति सामानाने. कंपनीने दाराच्या आत वजनाची हद्द छापलेली असते, तिच्यावर एक किलोही चालणार नाही, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मी नवा पोशाख घातला होता, मांडीवर आईसाठी शिवलेली शाल होती, आणि माझ्या कमरेला माझी उशी होती. एकेक गाडी चढत होती, उतरत होती. काटेवाला आपल्या खोपटात बसून भोंग्यातून ओरडायचा, "पास!"

आम्ही चढलो. भोंगा आधी नुसता खरखरला. मग म्हणाला, "हिरवी गाडी. जास्त!"

ह्यांचा विश्वासच बसेना. खाली उतरले, पुन्हा चढले. जास्त ते जास्तच. इतक्या रविवारांत ह्यांनी प्रत्येक वस्तूची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, वायरीची जाडी मोजली होती. वजन मोजायचं ह्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र्याची गाडी घेतली होती, तिचा लोखंडाचा कारखाना करून ठेवला होता. मंडळी गोळा झाली. पाण्याची टाकी मोकळी केली, तरी जास्त. जास्तीचा टायर उतरवला, कॅन उतरवले, तरी जास्त.

"आता किती?" हे खोपटाकडे बघून ओरडले.

"फार नाही," भोंग्यातून उत्तर आलं, "एका माणसाएवढं."

त्या काटेवाल्याच्या मनात काही नव्हतं. पण सगळेजण एकदम माझ्याकडे सोडून इकडेतिकडे बघायला लागले.

"फ्रिज काढा," मी खिडकीतून म्हटलं.

"फ्रिज?" हे जवळ आले, आवाज खाली आणला. "अगं, लॉकनट आहेत त्याला. खण काढावे लागतील, वायरिंग सोडावं लागेल. एवढ्या सगळ्यांना ताटकळत ठेवू?"

"मग टपावरचा तंबू उतरवा."

"आणि झोपू कुठे?"

"माझ्या आईच्या घरी झोपायचं."

"ती एक रात्र झाली. पुढे पठारावर?" मग ह्यांनी माझ्या खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि लहान पोराची समजूत काढावी तसे म्हणाले, "जरा समजून घे ना. आता वाट माहीत होईल. पुढच्या वेळी आपण दोघंच जाऊ, निवांत."

मी आत नजर फिरवली. बंपर बोल्टने आवळलेला. विंच आवळलेली. पाटे, बॅटरी, खण, फ्रिज, तंबू, सगळं आवळलेलं, आणि त्यातलं निम्मं माझ्याच हाताने. न आवळलेली अशी गाडीत एकच वस्तू होती. मी दार उघडलं आणि उतरले. काट्याच्या लोखंडी पाटावरून माझ्या चपला वाजत गेल्या. खालच्या मातीवर पाय पडला तसा भोंगा ओरडला, "पास!" कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

दुसऱ्या कुणाच्या गाडीत जागा असेलही. ह्यांनी विचारलं नाही. आणि स्वतःच्या नवऱ्याची गाडी समोर उभी असताना मी परक्याच्या दाराशी 'जरा सरकता का' म्हणून उभी राहणार नव्हते. माझंही नाक काही कमी लांब नाही.

"आईंना भेटतो मी. काय निरोप सांगू?" ह्यांनी विचारलं.

"सांगा, वजन जास्त झालं."

हे ओशाळं हसले. गाडी सुरू केली, आणि जाता जाता खिडकीतून म्हणाले, "अगं, तो टायर आणि कॅन तेवढे घरी ने हं." मी टायरला एक लाथ मारली. माझाच अंगठा दुखावला. टायर मी तिथेच सोडून आले.

घरी येऊन मशीनवर बसले. एक ताडपत्री अर्धी राहिली होती. शिवण वाकडी जायला लागली तशी सुई थांबवली. वाटेकडे डोळे लावून ओट्यावर बसलेल्या आईचा विचार मनातून जाईना. गाडी येईल, सोंड दिसेल, ती उठेल, आणि आतून उतरतील हे एकटेच. तिला काय वाटेल? ती रात्र मी कशीबशी काढली आणि सकाळी उठून सरळ बस पकडली. वरातीमागून घोडं तर घोडं. फोन केला नाही. आता कशातून येणार म्हणून तिने विचारलं असतं, तर काय सांगणार होते?

फाट्यावर मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी टेम्पो मिळाला. पिठाची पोती होती, त्यांच्यावर मी बसले. टेम्पोवाल्याच्या पायात रबरी चपला, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने कान खाजवणं चाललेलं. नदी आली. मी डोळे मिटून दोरी घट्ट धरली. गचका बसला, दगड खडखडले, आणि डोळे उघडले तर आम्ही पलीकडे चढत होतो. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतही आलं नव्हतं.

"नेहमी एवढंच असतं?" मी विचारलं.

"पुराचे दिवस सोडले तर एवढंच."

"आणि रुतलात तर?"

"चार जण उतरून ढकलतात की." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "परवा मोठमोठ्या गाड्या गेल्या इथून. काय तो थाट! एकेक गाडी पाण्यात शिरायची, थांबायची, मागे जायची, पुन्हा शिरायची. फोटो काढायला. एका हिरव्या गाडीला तर ही एवढी सोंड. आतली बाई खिडकीतून हात काढून व्हिडिओ घेत होती."

"हिरव्या गाडीत बाई नव्हती," मी म्हटलं.

"होती हो. गॉगलवाली."

मला वाटलं, याने गाड्या एकात एक मिसळल्यात.

घरापाशी पोचले तेव्हा दुपार कलली होती. ओटा रिकामा होता. आईची खुर्ची घडी करून भिंतीला लावून ठेवली होती. दारात वहिनी आली आणि मला पाहून जागच्या जागी थिजली. "ताई, तुम्ही? कशा आलात?"

"आई कुठाय?"

"आत आहेत. बऱ्या आहेत," ती घाईने म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

आई पलंगावर बसून उशीचा अभ्रा दुमडत होती. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. मी दारात उभी राहिले. पोशाखावर पीठ, केसांत पीठ. आईने मान वर केली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पलंगावर जरा सरकून जागा केली.

"या, बसा ना," ती म्हणाली. "कोण तुम्ही?"

आईने मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. तीच बोलत राहिली, आनंदात. "तुम्ही परवा यायला हवं होतं. माझी लेक येऊन गेली परवा. सगळे म्हणत होते, म्हातारीला भास होतात. पण आली की नाही? इतकं रडलो आम्ही दोघी. मी माझ्या हाताने तिला दूध पाजलं."

वहिनीने माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि डोळ्यांना पदर लावून सांगायला लागली. "मी मागे पाणी भरत होते, ताई. पुढे येऊन बघते तो आई त्या बाईंच्या गळ्यात पडून रडतायत. भावजी त्यांना कॅप्टनीणबाई म्हणत होते. त्यांच्या गाडीचा एसी बंद पडला होता म्हणे, म्हणून नदीच्या पलीकडच्या काठावरच त्या भावजींच्या गाडीत येऊन बसल्या. गाडी दाराशी आली, त्या आधी उतरल्या, आणि आई ओट्यावरून धावत सुटल्या. तुमचंच नाव घेत होत्या. मी बोलणार होते. पण भावजी म्हणाले, राहू द्या वहिनी, म्हातारीला समाधान मिळतंय तर मोडू नका. दोन दिवसांत विसरतीलच. त्या बाईही बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. दूध प्यायल्या."

"आणि वजन?" मी विचारलं.

"कसलं वजन?" वहिनीला काही कळलं नाही.

कॅप्टनीणबाई माझ्याहून काही हलक्या नाहीत. पण नदीकाठी वजनकाटा नसतो. माझ्या मापाच्या उशीला टेकून, मी शिवलेल्या सीटवर बसून, त्या माझ्या माहेरी उतरल्या आणि माझ्या वाटणीची हाक घेऊन गेल्या. हे बाजूला उभे राहून बघत होते. ह्यांना ते समाधान वाटलं. चुलीत गेलं ते समाधान! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. समोर असते तर मी ह्यांना त्याच विंचेच्या दोराला बांधलं असतं.

"विसरली का मग दोन दिवसांत?" मी विचारलं.

वहिनीने मान हलवली. "सकाळी जेवलेलं आठवत नाही. पण ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. कालपासून ओट्यावरही बसत नाहीत. खुर्ची स्वतःच घडी करून ठेवली. म्हणाल्या, आता कशाला बसू, आली ना."

मी बाहेर आले, आईच्या पायाशी खाली बसले आणि तिचे गुडघे धरले. "आई, माझ्याकडे नीट बघ. मी गं. मी तुझी लेक."

आई हसली. राग नाही, भीती नाही. शेजारच्या पोरीने थट्टा करावी आणि मोठ्या माणसाने ती मनावर घेऊ नये, तशी हसली. "माझी लेक हिरव्या गाडीतून येते," ती म्हणाली.

"पुढे सोंड," मी म्हटलं.

तिचे डोळे चमकले. क्षणभर मला वाटलं, झालं, आठवलं.

"तुम्ही पाहिलीत ती गाडी?" तिने विचारलं.

तिला मी काय सांगणार होते? जे सांगितलं असतं ते पटायला मला त्या गाडीतून उतरावं लागलं असतं, आणि त्या गाडीतून मला आधीच उतरवलेलं होतं. "पाहिली," मी म्हटलं. "तिची सीट मीच शिवलीय."

"हो का?" आईने माझा हात आपल्या हातात घेतला, सुईने जाड झालेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. "छान शिवलीत हो. इतक्या लांबून आली माझी लेक, पण जराही शिणलेली दिसली नाही." मग तिने माझ्या बाहीवरचं पीठ झटकलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून वहिनीला हाक मारली. "अगं, चहा टाक या बाईंना. टेम्पोने आल्यात."